नवरा तिसऱ्या गाडीत

“नवऱ्याला खाली उतरवा. नवरा पयला कोनी चढवला? उतरवा त्याला.”

बाबा ओरडत होते. भाईंदरजवळच्या राई गावातल्या आमच्या घरासमोर मीठ वाहणाऱ्या चार ट्रकगाड्या एकामागे एक उभ्या होत्या, पुढे केळीचे खांब आणि मागे-पुढे झेंडूच्या माळा बांधलेल्या. त्यातल्या तिसऱ्या गाडीच्या मागच्या फाळक्यावर एक पाय टेकून माझा थोरला भाऊ दत्तूदादा, मुंडावळ्या बांधलेला, हळदीनं पिवळाजर्द, वर जावं की खाली यावं या विचारात लोंबकळत होता. बाबांचा आवाज काही साधा नव्हता. ते अंगणात नुसते खाकरले तरी खाडीपलीकडची कुत्री भुंकायला लागत, आणि त्या दिवशी ते खाकरत नव्हते, हुकूम देत होते. दोन मावश्यांनी दादाच्या बगलेत हात घालून त्याला खाली ओढलं. आई म्हणाली, “अवो, नवरा हाय तो, कांद्याचं पोतं न्हाय.”

“पोतं असतं तर बरं झालं असतं,” बाबा म्हणाले. “पोत्याला एकदा सांगितलं का ते गप पडून ऱ्हातं. जे पयलं उतरवायचं ते शेवटी चढवायचं. तिथं गेल्याव पयला कोन लागनार? नवरा. मग तो शेवटी चढनार. पलटनीचा नियम हाय.”

पलटण म्हणजे बाबांची पुरवठा पलटण. लष्करात लढणाऱ्या पलटणी असतात, त्यांचे पुतळे होतात, शाळेत पोरं त्यांची गाणी म्हणतात. आणि त्यांच्या मागून त्यांचं पीठ, डाळ, तेल, रॉकेल, लोकरीचे मोजे आणि बंदुकीच्या गोळ्या घेऊन जाणाऱ्या पलटणी असतात, त्यांचं गाणं कोणी रचत नाही. बटाट्यावर गाणं रचणार तरी काय? बाबा अशा पलटणीत हवालदार, गाडीचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांच्याकडे एक ट्रंक, एक शिट्टी आणि पलटणीचा समग्र इतिहास एवढीच दौलत होती. ट्रंक पुढे गंजली, शिट्टी माझ्या धाकट्या पोरानं खाडीत टाकली, इतिहास मात्र माझ्याकडे आहे. मध्यंतरी त्या पलटणीचा इतिहास जाड पुठ्ठ्यात छापून निघाला असं ऐकलं. त्यात म्हणे साहेबांचे फोटो आहेत, पदकं आहेत, नकाशे आहेत. बाबांचं नाव नसेल, आणि असायचं काही कारणही नाही. पण पलटणीची एक कूच त्यातून नक्की सुटली असणार, कारण ती राईच्या आमच्या अंगणातून निघाली. तेवढी मी लिहून टाकायची ठरवलं आहे, आणि मी ठरवलं की आमच्या घरातली माणसं वाटेतून बाजूला होतात.

बाबांनी आम्हाला शिकवलेला इतिहास असा. पलटण उभी राहिली तेव्हा तिच्यात माणसांपेक्षा खेचरं जास्त होती, आणि अक्कलही त्याच मापानं वाटली होती. मग खेचरं गेली, लॉऱ्या आल्या, गोरा साहेब गेला, झेंडा बदलला, डाळ मात्र तीच राहिली. शाळेतल्या पुस्तकात राजा पडला की लढाई संपायची. बाबांच्या इतिहासात कांदा संपला की संपायची. एका बर्फाच्या खिंडीत इतकी थंडी होती की किटलीतून ओतलेला चहा मगात पडायच्या आत हवेतच गोठला, आणि बाबांनी ती चहाची कांडी काडकन मोडून जवानांना चोखायला वाटली. वाळवंटात लॉरीच्या बॉनेटवर भाकऱ्या भाजल्या, तर भाकरीवर गाडीचा नंबर उलटा उमटला, आणि ज्याच्या गाडीचा नंबर त्यानंच ती भाकरी खायची असा सुभेदारांनी आदेश काढला. पलटणीनं शत्रूवर एकही गोळी झाडली नव्हती. पण झाडणाऱ्यांना दोन्ही वेळा वाढलं होतं, आणि ते बाबा ज्या सुरात सांगत त्या सुरात लोक गड जिंकल्याचं सांगतात. यातलं अर्धं खोटं आहे. कुठलं अर्धं ते मला अजून कळलेलं नाही, आणि सांगताना मीही थोडी भर घालते हे माझी नात चारचौघांत बोलून दाखवते, म्हणून मीच आधी सांगून टाकलं.

एक गोष्ट मात्र बाबा कधी फुगवून सांगत नसत. बऱ्याच लॉऱ्या एका रांगेनं जातात त्याला ते ‘कानवाई’ म्हणायचे. त्या कानवाईतली शेवटची गाडी बाबांची. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी दुसरी गाडी चालवलीच नाही. शेवटच्या गाडीत जास्तीचं टायर, जॅक, दोरखंड, पाणी आणि स्टोव्ह. पुढची कुठलीही गाडी बंद पडली, घसरली, कोणी आजारी पडलं, की शेवटची गाडी तिथं थांबते आणि त्याला घेऊनच निघते. “पुढल्याला सलाम मिलतो,” बाबा म्हणायचे, “पन शेवटचा पोचला तवाच कानवाई पोचली.” हे सांगताना त्यांचा आवाज खाडीपलीकडे जात नसे, ओटीवरून अंगणातही जात नसे.

आमचं घर म्हणजे त्या पलटणीची निवृत्त तुकडी होती. पहाटे शिट्टी वाजायची. शिट्टीला कोंबड्या खुराड्यातून रांगेनं बाहेर पडत. कोंबडा शेवटी, कारण त्याला बाबांनी तसं शिकवलं होतं, असं बाबांचं म्हणणं. त्यानंतर मिठागराकडून लाकडी फळीनं मीठ ओढल्याचा खरखर आवाज, आईच्या हातावरची तांदळाची भाकरी थापल्याचा थपथप आवाज आणि बाबांचा, “फडताळात तेल पुढं कोनी ठेवलं?” हा आवाज, या तिन्हींवर आमची सकाळ चालायची. फडताळसुद्धा पलटणीच्या नियमानं भरलेलं. रोज लागतं ते पुढे, सणाला लागतं ते मागे. आई हे निमूट ऐकायची आणि बाबा बाहेर पडले की सगळं आपल्या मनासारखं लावायची. ते परत यायच्या आत पुन्हा पलटणीसारखं. सुक्या बोंबलाचं कालवण मात्र ती कुणाच्या नियमानं करत नसे, आणि त्या कालवणाबद्दल बाबांनी कधी तक्रार केली नाही. माझे चुलते काशाकाका रोज ओटीवर येऊन बसत आणि बाबांना डिवचत, “दादूस, तू लढाईला गेलतास का बाजाराला?” बाबा शांतपणे म्हणत, “तू एक दिवस उपाशी लढून दाखव, मंग बोल.” गावात आम्हाला ‘बटाटा हवालदाराची पोरं’ म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण म्हणणाऱ्याला मी लगेच धूत होते. दादाला वाटायचं. तो बोलायचा नाही.

आणि असा हा न बोलणारा दादा एका लग्नात सुमन नावाच्या मुलीच्या साडीवर वरणाची वाटी उपडी करून बसला. सुमन भिवंडीकडच्या खाडीकाठच्या गावातली. ती ओरडली नाही, रागावली नाही. म्हणाली, “आता भात कुठं सांडताव ते सांगा, म्हंजे बाजूला व्हते.” बास. त्या दिवसापासून दादाचं जेवण कमी झालं. त्याला दोन मुली दाखवल्या, त्यानं दोन्ही वेळा जमिनीकडे बघून मान हलवली, आणि आमच्या घराण्यात मान हलवून नाही म्हणणारा तो पहिलाच पुरुष. शेवटी बाबा आम्हा दोघांना घेऊन मागणी घालायला गेले. सुमनचा बाप होकार देईना असं नव्हतं, पण त्याला एक जखम होती. त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड दिवे लागायच्या वेळी झिंगत आलं होतं, भात दोनदा रांधावा लागला होता, आणि भटजी दुसऱ्या लग्नाला निघून गेला होता. तेव्हापासून तो माणूस मनगटावर घड्याळ बांधूनच आंघोळ करायचा. तो बाबांना म्हणाला, “हवालदार, मुहूर्त म्हंजे मुहूर्त. तो टळला का माझी पोर पाटावरून उठली. गावातला एक मुलगा मी बघून ठेवलाय. चांगला हाय. मंडपाच्या बाजूलाच ऱ्हातो, त्याला गाडीबिडी लागत न्हाय.”

बाबा उभे राहिले. भरल्या बैठकीत त्यांनी सांगितलं की त्यांची पलटण कधीही उशिरा पोचलेली नाही, बर्फात नाही, वाळूत नाही, आणि भिवंडीत तर नाहीच. घरी येताना दादा मला हळूच म्हणाला, “मंदे, बाबांना सांग ना, आदल्या दिवशीच जाऊन ऱ्हाऊया.” मी सांगितलं. बाबा म्हणाले, “आदल्या दिवशी जातात ते पाव्हने. आपन कानवाई हाय.”

मग तालमी सुरू झाल्या. मिठागराच्या कोरड्या मैदानात बाबांनी मिठाच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना रांगेनं उभं केलं. ही पोरं एरवी भाईंदरच्या रस्त्यावर अशी गाडी मारत की म्हशी आपण होऊन गल्लीत शिरत. बाबांनी त्यांना नियम शिकवले. चाळीस यार्डांचं अंतर. डोळा पुढच्या गाडीच्या फाळक्यावर, दुसरीकडे कुठं नाही. तो थांबला की थांबा, तो वळला की वळा. मागून कोणी कितीही हॉर्न मारला तरी तो आपल्याला ऐकू येत नाही. ओव्हरटेक कोणी कोणाला करायचा नाही. दुसऱ्या गाडीवर बाळ्या नावाचा पोरगा होता, बाबांचा मोठा भक्त. त्यानं विचारलं, “हवालदार, पुढचा खाडीत ग्येला तर?”

“तर तू पन जायचं,” बाबा म्हणाले. “चाळीस यार्ड ठेवून.”

पोरं हसली, पण शिकली. आठवडाभरात अशी शिकली की चार गाड्या मैदानात फिरताना एकाच दोरीत ओवल्यासारख्या दिसत. मी बांधावर उभी राहून बघत असे आणि खोटं सांगत नाही, एकदा तर बगळेसुद्धा चाळीस यार्ड ठेवून उडाले.

तर त्या सकाळी नवरा सर्वांत शेवटी चढला. पहिल्या गाडीच्या केबिनवर काठीला निळं फडकं, शेवटच्या गाडीवर हिरवं. पलटणीत तसं असतं. पहिल्या गाडीत काशाकाका, बेंजोवाले आणि हौसाआजी. हौसाआजी आमची धवलारीण. आमच्याकडे लग्नात प्रत्येक विधीला धवले गाते ती, आणि ती गात असताना भटजीलाही गप्प बसावं लागतं. दुसऱ्या गाडीत बाळ्या आणि गावचे पुरुष. तिसऱ्या गाडीत दादा, आई, मावश्या. नवऱ्याला तिसऱ्या गाडीत का, तर पहिल्या गाडीखाली सुरुंग फुटतो. आई म्हणाली, “हितल्या रस्त्याव कुठला आला सुरुंग?” बाबा म्हणाले, “खड्डे बघितलेस का?” चौथ्या गाडीवर स्वतः बाबा, आणि त्यांच्या शेजारी मी, करवली, मांडीत नारळ ठेवलेला कऱ्हा धरून. करवलीनं नवऱ्याजवळ असावं. पण बाबांनी मला आपल्याजवळ बसवलं, कारण हॉर्न बिघडला तर मी होते.

काशीमिऱ्यापर्यंत आम्ही असे गेलो की रस्त्यावरचे लोक उभे राहून बघत. आता तिथे डोक्यावरून मेट्रो जाते, आणि खालच्या गर्दीत चार गाड्यांची रांग चाळीस यार्डांवर ठेवायची म्हटलं तर मधल्या जागेत बिल्डर टॉवर उभा करतील. तेव्हाही नाक्यावर ट्रकांची कमी नव्हती. गॅरेजं, गोदामं, ढाबे, सगळं होतंच. नाक्यावर पोलिसानं पहिली गाडी सोडली आणि बाळ्याच्या पुढे हात आडवा केला. एवढ्यात बाजूच्या गॅरेजमधून एक ट्रक बाहेर पडला. नुकताच रंगवलेला, नुकतीच पूजा झालेला. पुढे केळीचे खांब, मागे झेंडूच्या माळा. तो बाळ्याच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. पोलिसानं हात काढला. बाळ्याला दिसला झेंडूचा फाळका. त्यानं चाळीस यार्ड सोडले आणि मागे लागला. बाळ्याच्या मागे तिसरी, तिसरीच्या मागे आम्ही. हे सगळं आम्हाला नंतर जोडून कळलं. शेवटच्या गाडीतून फक्त पुढचा फाळका दिसतो, आणि तो हलत होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

घोडबंदरच्या फाट्यावर उजवीकडे ठाण्याच्या रस्त्याला वळायचं होतं. पहिली गाडी वळली. रंगवलेला ट्रक सरळ गेला. आमच्या तिन्ही गाड्या सरळ गेल्या. मी कऱ्ह्यातल्या पाण्याकडे बघत होते. अचानक खारा वारा तोंडावर आला आणि चाकांचा आवाज पोकळ झाला. मान वर केली तर आम्ही पुलावर. खाली खाडी, पुढे वाहनांची रांग अडकलेली.

“बाबा,” मी म्हटलं, “भिवंडीला जाताना ठान्याच्या आधीच खाडी वलांडतात का?”

बाबांनी पुढचा फाळका निरखला. मग म्हणाले, “पुढल्याला म्हाईत असंल.”

मी खिडकीतून डोकं काढलं. एक माणूस गाड्यांमधून शेंगदाणे विकत फिरत होता. त्याला विचारलं, “ये लाइन किधर जाती है?” तो म्हणाला, “गुजरात.” आणि मला पुडी देऊन पुढे गेला. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा त्या चहाच्या कांडीसारखा गोठला होता. त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. तिसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं मान तसूभर वळवली नाही. आठवडाभराच्या तालमीत बाबांनी त्याला हेच शिकवलं होतं. आई मात्र मागे वळली आणि आम्हाला बघून आनंदानं हात हलवायला लागली. तिला वाटलं बाबा खुशीत आहेत. मी खाली उडी मारून पुढे धावणार, तेवढ्यात रांग सुटली आणि सगळ्या गाड्या पूल ओलांडून भरधाव निघाल्या. दादाचं लग्न गुजरातच्या दिशेनं चाललं होतं, चाळीस यार्डांचं अंतर ठेवून, अत्यंत शिस्तीत.

“ओव्हरटेक मारा,” मी म्हटलं.

“शेवटची गाडी पुढं जात न्हाय.”

“मुहूर्त टळला तर दादाचं काय? तो मंडपाबाजूचा पोरगा बसंल पाटावर.”

“शेवटची गाडी पुढं ग्येली तर मागं पडलेल्याला उचलनार कोन?”

“बाबा, मागं कोनीच पडलं न्हाय. सगलेच चुकलेत.”

तिसऱ्या गाडीच्या फाळक्यावर दादाची पाठ दिसत होती, मुंडावळ्यांची गाठ वाऱ्यावर उडत होती. मग बाबा, ज्यांच्या आवाजाला खाडीपलीकडची कुत्री भुंकायची, ते इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. “मंदे, मना ओव्हरटेक येत न्हाय. सगल्या नोकरीत कंदी केलाच न्हाय. पुढं कोन असंल तर त्याच्या मागं जायचं, हे एवढंच येतं.”

माझं वय तेव्हा एकोणीस-वीस. मला गाडी चालवता येत नव्हती, पलटणीत मला कोणी घेतलं नसतं, पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती: माझ्या भावाचं लग्न आज लागणार, आणि त्याच मुलीशी लागणार. मी कऱ्हा दोन पायांत दाबून धरला, अर्ध्या अंगानं खिडकीबाहेर वाकले आणि काठीवरचं हिरवं फडकं ओढून काढलं. ते बाबांच्या मांडीवर टाकलं.

“आता ही शेवटची गाडी न्हाय,” मी म्हटलं. “साधी मिठाची गाडी हाय. आणि मिठाची गाडी कशी चालते ते तुमाला म्हाईत हाय. चला.”

बाबांनी त्या फडक्याकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. फडक्याची घडी केली, आणि गाडी धावत असतानाही ती चौकोनी, कोपऱ्याला कोपरा लावून केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि गिअर टाकला. पुढची काही मिनिटं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण मधूनमधून माझे डोळे मिटत होते. आम्ही उजवीकडे निघालो, समोरून बस आली, आम्ही परत डावीकडे आलो. पुन्हा निघालो, तेलाचा टँकर आला, पुन्हा परत आलो. तिसऱ्या वेळी बाबा परत आलेच नाहीत. समोरून येणारा एक ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या ड्रायव्हरची विडी आमच्या केबिनमध्ये येऊन पडली. मी ती विझवली. तिसऱ्या गाडीच्या बरोबरीला आलो तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा वऱ्हाडात नवऱ्याला ओव्हरटेक होताना बघितलं. दादा तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत होता. आईचा हलणारा हात हवेतच थांबला. ड्रायव्हर मात्र समोर बघत होता, निष्ठेनं. मग बाळ्याची गाडी. बाळ्यानं तिरक्या नजरेनं बाबांना ओळखलं, आणि त्याच्या तोंडावर असं दुःख पसरलं, जणू त्याच्या देवानं देवळातून पळ काढला. पण बाबा त्याच्या पुढे शिरताच त्यानं काय केलं? वेग कमी केला आणि चाळीस यार्ड ठेवले.

पुढे पेट्रोल पंपाशी रस्ता रुंद होता. बाबांनी गाडी गोल फिरवली. बाळ्या फिरला. तिसरी गाडी फिरली. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं शिकवलंच नव्हतं. आता रांगेत पहिले बाबा, आणि शेवट मोकळा. मी बघत होते की बाबा दर थोड्या वेळानं आरशात मागे बघतायत. त्यांना तो मोकळा शेवट खुपत होता. मला कळत होतं, पण मी त्याला काय करणार? तेवढ्यात तिसऱ्या गाडीच्याही मागे झेंडूच्या माळा दिसल्या. तो रंगवलेला ट्रक. इतका वेळ आपल्या मागे येणारं सबंध लग्न वळून परत निघालेलं बघून त्या ड्रायव्हरनं विचार केला असणार की एवढी माणसं वळतात त्याअर्थी पुढे काहीतरी आहे. तोही वळला आणि रांगेच्या शेवटी लागला. बाबांनी आरशात त्याला बघितलं आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

तिकडे मंडपात पहिली गाडी केव्हाच पोचली होती. बेंजो वाजला, काशाकाका फेटा सावरत उतरले, आणि व्याह्यानं विचारलं, “नवरा कुठाय?” काशाकाका म्हणाले, “तिसऱ्या गाडीत.” व्याह्यानं रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर एक शेळी होती. त्यानं मनगट वर केलं आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला. तो दुसरा पोरगा आंघोळ करून नवा सदरा घालून मंडपाच्या खांबाला टेकून उभाच होता, सहज आल्यासारखा. त्या वेळी हौसाआजी पुढे झाली, पदर खोचला, आणि तिनं धवला सुरू केला. चालू धवला तोडायचा नसतो; तोडला तर नवरानवरीला दोष लागतो. हे व्याह्यालाही ठाऊक होतं. हौसाआजीनं गणपतीला बोलावलं, कुलदेवतेला बोलावलं, आमच्या गावच्या देवांना बोलावलं, त्यांच्या गावच्यांना बोलावलं. देव संपले तेव्हा मामे-मावश्या घेतल्या, त्या संपल्यावर खाडीतले मासे घेतले, निवट्यापासून जिताड्यापर्यंत एकेकाला नावानिशी लग्नाचं आवतण दिलं. काशाकाका सांगत, ती मुहूर्ताच्या घटकेचीच मानगूट धरून उभी होती. घड्याळात वेळ संपत आली तेव्हा ती कोळंबीवर होती आणि तिचा आवाज फाटला होता, पण ती थांबत नव्हती.

आणि गाड्या आल्या. फाळका पडला, आणि सर्वांत शेवटी चढवलेला माझा भाऊ सर्वांत आधी खाली आला, कोणाच्याही पायात न अडकता, सरळ मंडपात. अंतरपाट धरला तेव्हा हौसाआजीनं कोळंबीला तिथंच सोडून दिलं. घटका पुरती संपायच्या आत अक्षता पडल्या. व्याह्यानं घड्याळाकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि हात खाली केला. तो दुसरा पोरगा थोडा वेळ खांबाशीच उभा राहिला, मग भाताची परात उचलून पंगतीत वाढायला लागला. चांगला होता बिचारा.

रंगवलेल्या ट्रकचा ड्रायव्हर पंगतीत बसला होता. वालाची भाजी आणि बुंदी चापून झाल्यावर त्यानं बाबांना विचारलं, “हवालदार साब, आगे रास्ता बंद था क्या?” बाबा म्हणाले, “हां. बंद था.” आणि त्याला आणखी बुंदी वाढायला लावली.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर नवरानवरी जेवायला बसली. सुमनवहिनी सकाळपासून उपाशी होती; नवरीनं लग्न लागेपर्यंत काही खायचं नसतं. ती खाली मान घालून जेवत होती, दादा तिच्याकडे बघत जेवत होता, म्हणजे जेवत नव्हता. बाबा त्यांच्यासमोर येऊन उकिडवे बसले. खिशातलं ते घडी केलेलं फडकं त्यांनी काढलं, परत ठेवलं. ओव्हरटेकबद्दल, पुलाबद्दल, पलटणीबद्दल त्यांना काही बोलायचं होतं. अखेर ते म्हणाले, “पोरी, एक विचारतो. आमी आलोच नसतो, तर तू काय केलं असतंस?”

दादाचा घास हातातच राहिला. वहिनीनं भात कालवला, वरण घेतलं, एक घास खाल्ला, गिळला.

“जेवली असती,” ती म्हणाली.